गोळी घेतली, डागही दिसले. मग पाळी कुठे अडली?

मॅडम, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझं वय 24, मुलगा 14 महिन्यांचा. त्याला वरचं खाणं सुरू आहे, पण रात्री अंगावरच पितो. मिस्टर सुरतला असतात, उधन्याला. कानबाईच्या सणासाठी घरी आले होते. माझी पाळी 24 जुलैला येऊन गेली होती, म्हणून नैवेद्याच्या रोटांचं सगळं काम मला करता आलं. विसर्जनाच्या दिवशी, 4 ऑगस्टला रात्री, आमचा संबंध आला. काही वापरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अमळनेरहून 72 तासवाली गोळी आणून दिली, मी लगेच घेतली. राखीच्या आदल्या दिवशी ते परत गेले. 11 तारखेला अचानक डाग दिसायला लागले. तीन दिवस दिसले, चॉकलेटी रंगाचे, दिवसाला एक पॅड पुरायचं. सासूबाई म्हणाल्या, 'आसं कसं व, पंधरा दिनमाच परत?' मला बाजूला बसावं लागलं. आता पोळ्याला, 22 तारखेला, पाळी यायला हवी होती. आज 26 झाली, अजून नाही. मळमळतं, छाती दुखते. जाऊबाई म्हणतात त्या गोळीची गरमी फार, पिशवी सुकते, दुसरं मूल राहत नाही. शेजारची म्हणते तीच गोळी अजून एक घे, पाळी उतरेल. मी गरोदर आहे का? गोळीने माझं काही बिघडलं का? आणि गोळी घेतल्यावर मी बाळाला पाजत राहिले, त्याला काही होईल का?

— एक वाचक, अमळनेर तालुका

बेटा, आधी शेजारणीच्या सल्ल्याचं बोलते, कारण तो थांबवणं सगळ्यात गरजेचं आहे. दुसरी गोळी घेऊ नकोस. ती पाळी 'उतरवणारी' गोळी नाही. आता घेतलीस तर तुझ्या महिन्याचं गणित आणखी विस्कटेल आणि आज जो प्रश्न पडला आहे तोच पंधरा दिवसांनी दुप्पट होऊन समोर येईल. पपई, तीळ-गूळ, काढे यांनीही काही ठरणार नाही. आधी लघवीची तपासणी, मग बाकी सगळं.

हे उत्तर तुझ्या हाती येईल तेव्हा गणपती बसलेले असतील, म्हणजे 28 ऑगस्ट उलटलेला असेल. ही तारीख मुद्दाम सांगते आहे. संबंध आल्यानंतर 21 दिवस पूर्ण झाले की लघवीच्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. तू 4 तारखेचंच लिहिलं आहेस, पण मिस्टर 8 तारखेपर्यंत घरी होते. त्या मधल्या रात्रींबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. फक्त त्या धरून मोजलं तर शेवटची शक्यता 7 ऑगस्टची, आणि तिथून 21 दिवस म्हणजे 28.

तपासणीचं किट आशाताईकडे फुकट मिळतं, 'निश्चय' नावाचं. आशाताई गावातलीच आहे, घरात कळेल अशी भीती असेल तर मेडिकलमधून मागव किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलीस की स्वतः घे. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धर. पाकिटातल्या नळीने किटवर जितके थेंब टाकायला सांगितले असतील तितकेच टाक आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेत, साधारण पाच मिनिटांत, वाच. 'सी'पाशी एकच रेघ आली तर गर्भ नाही. 'सी' आणि 'टी' दोन्हीकडे रेघ आली तर गर्भ आहे, मग 'टी'ची रेघ कितीही फिकट असो. एकही रेघ आली नाही तर किट खराब, दुसरं घे. आणि तासाभराने पुन्हा जाऊन त्या किटकडे बघू नकोस. वाळल्यावर नसलेली रेघ दिसल्याचा भास होतो आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

आता तुझी पाळी कुठे अडली ते सांगते. ही गोळी नेमकं काय करते ते एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

72 तासांच्या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं संप्रेरक असतं, 1.5 मिलिग्रॅम. दुकानात ती आय-पिल, अनवॉन्टेड-72 अशा नावांनी मिळते, सरकारी दवाखान्यात ईझी पिल म्हणून मिळते. आतलं औषध एकच. बीजकोशातून बीज बाहेर पडायच्या आधी ती घेतली तर बीजाचं बाहेर पडणं लांबतं किंवा त्या महिन्यात होतच नाही. बीजच नाही, तर गर्भ कशाचा? तिचं काम एवढंच. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग जवळजवळ नाही, आणि गर्भ राहिलेला असेल तर तो ती पाडत नाही. सुरतहून येणारी भुसावळ पॅसेंजर नंदुरबारलाच सिग्नलला थांबवली तर ती अमळनेरला उशिरा येणार, कधी त्या फेरीला येणारच नाही. पण नंदुरबार सोडून पुढे गेलेल्या गाडीला तिथल्या सिग्नलने काय फरक पडणार?

पाळी येते ती बीज बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून बीज लांबलं की पाळीही लांबते. आणि बीज त्या महिन्यात आलंच नाही, तर गोळीतल्या संप्रेरकाचा जोर ओसरल्यावर पिशवीचं आतलं अस्तर थोडंफार सुटतं आणि तारखेच्या कितीतरी आधी रक्त दिसतं. गोळीनंतर आठवडाभरात डाग दिसणं किंवा छोटी पाळी आल्यासारखं होणं हे इतकं नेहमीचं आहे, की दुकानदाराने गोळी देताना हे एक वाक्य सांगितलं असतं तर तुझे हे पंधरा दिवस असे गेले नसते. आपल्याकडे ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, खाली मान घालून दिली जाते. देणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही, आणि आतला छापील कागद घरी येऊन चुलीत जातो.

आता तुझ्या तारखा बघू. 24 जुलै हा पहिला दिवस. पोळ्याला पाळी अपेक्षित होती, म्हणजे तुझा महिना 29 दिवसांचा. अशा बाईचं बीज साधारण पंधराव्या दिवशी, म्हणजे 7 ऑगस्टच्या आसपास बाहेर पडतं. तू गोळी घेतलीस 5 तारखेला, तेराव्या दिवशी, संबंधानंतर एक दिवसही पूर्ण झाला नव्हता. लवकर घेतलीस आणि बीज येण्याच्या आधी घेतलीस, हे दोन्ही तुझ्या बाजूचं आहे. हीच गोळी पोळ्याच्या आठवड्यात घेतली असतीस तर तिचा काही उपयोग झाला नसता.

मग 11 तारखेला डाग दिसले. इथून तुझ्या महिन्याला दोन वाटा फुटतात. एक, ते नुसते डाग होते, बीज चार-आठ दिवस लांबलं आणि खरी पाळी उशिराने येते आहे. दोन, त्या महिन्यात बीज आलंच नाही, 11 तारखेचं रक्त हाच त्या महिन्याचा शेवट होता आणि नवा महिना तिथूनच सुरू झाला. तसं असेल तर 11 ऑगस्टपासून 29 दिवस मोज: 9 सप्टेंबर. म्हणजे तुझी पाळी चुकलेलीच नाही, तू आणि सासूबाई जुन्या तारखेवरून मोजता आहात, असंही असू शकतं. दोन्हींतलं कोणतं, हे एका पॅडच्या चॉकलेटी डागांवरून मी काय, कुणीही सांगू शकणार नाही. बहुतेक बायकांना गोळीनंतरची पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे येते. त्यापलीकडे गेली तर तपासणी करायची. तुझ्या बाबतीत मी आठवडा पूर्ण व्हायची वाट बघायला सांगत नाही, कारण 21 दिवस झालेच आहेत आणि तुझी झोप उडालेली आहे.

एक मात्र खरं, आणि ते लपवत नाही: 11 तारखेला रक्त दिसलं म्हणून गर्भ नाही, असं धरून चालू नकोस. गर्भ राहिला असतानाही सुरुवातीला थोडे डाग दिसू शकतात.

मधल्या रात्रींचा उल्लेख मी केला, त्याचं कारण असं. गोळी आधीच्या संबंधासाठी असते. ती घेतल्यावर 'आता चार दिवस काळजी नाही' असं खूप जोडपी धरून चालतात, आणि गोळी 'फेल गेली' म्हणून जे म्हणतात त्यात अनेकदा हेच घडलेलं असतं. बीज थांबवलेलं असतं, संपवलेलं नसतं. ते चार-सहा दिवसांनी बाहेर येतं आणि पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून गोळीनंतर पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायलाच हवा.

जाऊबाईंच्या गरमीबद्दल. ही गोळी पिशवी सुकवत नाही, बीजकोश बिघडवत नाही, पुढचं मूल राहायला आड येत नाही. औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं आणि महिना, दोन महिन्यांत पाळी आपल्या जागी येते. उलट पुढच्याच महिन्यात गर्भ राहू शकतो, इतकं सगळं शाबूत असतं. आपल्याकडे बाईच्या शरीरात जे काही वेळेवर होत नाही त्याला गरमी म्हणायची पद्धत आहे आणि मग ती बाई महिनोन्‌महिने सब्जा, गुलकंद, थंडाई असं काहीबाही घेत बसते. तुला 'पिशवी गेली' म्हणणाऱ्या जाऊबाई वाईट नाहीत, त्यांनाही कुणीतरी असंच घाबरवलेलं असणार. त्यांनाही हे वाचायला दे.

मळमळ आणि छाती दुखणं यावरून काही ठरत नाही. गोळीची मळमळ, थकवा, डोकेदुखी एक-दोन दिवस असते, तीन आठवडे टिकत नाही. पण पाळी जवळ आली तरी छाती जड होते, गर्भ राहिला तरी होते, आणि दूध पाजणारीची तर रोजच दुखू शकते. त्यात श्रावणातले उपास, कपाशीची निंदणी, रात्री दोनदा बाळासाठी उठणं. किट सांगेल ते खरं.

आता तुझ्या पत्राच्या थोडं बाहेर जाते, कारण हा गोंधळ मला खान्देशात घरोघरी दिसतो. मेडिकलमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि तिन्हींना बायका 'पाळीची गोळी' म्हणतात. एक, तू घेतलेली, गर्भ राहू नये म्हणून 72 तासांच्या आत घ्यायची. दुसरी, पाळी पुढे ढकलायची, नॉरएथिस्टेरॉनची. कानबाई, नवरात्र, घरातलं लग्न आलं की ही गोळी गावागावांत खपते. ती बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिने गर्भ राहायचा थांबत नाही, आणि 72 तासांच्या गोळीच्या जागी ती चालत नाही. कुणी सणासाठी ही घेतली आणि त्याच महिन्यात 72 तासांचीही घेतली, तर तिची तारीख सांगणं कुणालाच जमणार नाही; तिने सरळ 21 दिवसांनी तपासणी करावी. तिसरी, गर्भपाताच्या गोळ्यांचं किट, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, तरी कुठे कुठे मिळतं. पाळी चार दिवस पुढे गेली की घाबरून हे किट आणणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, गर्भ नसतानाही. आणि गर्भ असेल पण तो पिशवीत नसून बीज वाहून नेणाऱ्या नळीत असेल, तर या गोळ्या घेऊन बसणं जिवावर बेततं. गोळी आणायला घरातल्या पुरुषाला पाठवत असशील, तर नाव कागदावर लिहून दे. 'पाळीची गोळी द्या' एवढ्या शब्दांवर कोणती डबी हातात येईल सांगता येत नाही.

समज, दोन रेघा आल्या. गोळी वेळेत घेऊनही 100 जणींमध्ये एक-दोघींना गर्भ राहतो, त्यात तुझी चूक नाही. घेतलेल्या गोळीने त्या गर्भाला इजा होत नाही, ठेवायचा असेल तर ती भीती मनातून काढ. फक्त लवकर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघून घे. ठेवायचा नसेल तर तेही तुझ्या हातात आहे. पहिल्या बाळंतपणानंतर दोन वर्षं तरी मध्ये जावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तुझं बाळ अजून 14 महिन्यांचं आहे. गर्भपाताचा कायदा 1971 चा, त्यात 2021 साली बदल झाला. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो आणि गर्भनिरोधक साधन फसणं हे त्यासाठी पुरेसं कारण आहे. तू 18 वर्षांच्या पुढची आहेस, सही फक्त तुझी लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. कुणी 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवलं तर हे शांतपणे सांग. तुझं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर कायद्याने बंधन आहे. नऊ आठवड्यांपर्यंत हे गोळ्यांनीही होतं, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. अमळनेरच्या सरकारी रुग्णालयात आधी विचार. तिथून पुढे पाठवायचं झालं तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याकडच्या वाचकांना भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडेल.

एकच रेघ आली, तर 21 दिवस झालेले असल्यामुळे गर्भ नाही असं धरायला हरकत नाही. मनाला पटत नसेल तर आठवड्याने पुन्हा एकदा कर. पाळी 9 सप्टेंबरच्या आसपास येईल असं धर. 16 पर्यंतही आली नाही तर दवाखान्यात जा. तेव्हा गोळीपेक्षा दुसरीकडे बघावं लागेल: हिमोग्लोबिन, थायरॉइड, वजन फार घटलं आहे का. पाजणाऱ्या बाईची पाळी तशीही काही महिने मागेपुढे होते. पुढची पाळी थोडी जास्त किंवा कमी गेली तरी घाबरू नकोस. पण तासाला एक पॅड भिजून जाईल असं दोन-तीन तास चाललं, किंवा ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर आली, घाम फुटला, खांद्यात दुखू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, घरच्यांची परवानगी मागत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा, रात्री दोन वाजताही. नळीतला गर्भ या गोळीमुळे होत नाही, पण गोळी घेतलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, आणि तो अंगावर काढायचा आजार नाही.

सासूबाईंचं काय? तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तुझ्या अंगातून एक थेंब कधी गेला याचा हिशोब घरात आणखी एक माणूस ठेवतं आणि तुला त्याचं उत्तर द्यावं लागतं. ज्या बाईला दर महिन्याला देवघरापासून दूर राहून आपली तारीख जाहीर करावी लागते, तिला गर्भनिरोधनाचं कोणतंही साधन वापरणं अवघड होतं, कारण जवळजवळ प्रत्येक साधन पाळीत थोडाफार बदल करतं. डाग दिसले म्हणून स्वयंपाकघर बंद, पण निंदणीला जाणं सुरूच, असं तुझ्याकडेही झालं असेल. विटाळ मला मान्य नाही, ते रक्त स्वच्छ असतं. तरी तुझ्या घरात आज मी राहत नाही, तू राहतेस. म्हणून भांडण करायला सांगत नाही. डॉक्टरनी रक्त कमी असल्याच्या गोळ्या दिल्या आहेत, पाजते आहे, त्यामुळे तारीख हलते आहे, एवढं सांगितलंस तरी पुरे. गोळीचं सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे. आणि डाग म्हणजे पाळी नव्हे, हे मनाशी पक्कं ठेव. पुन्हा कधी असे डाग दिसले तर ते कुणाला सांगायलाच हवेत असा नियम नाही.

आणि दादा, तुम्ही सुरतला बसून फोनवर हे वाचत असाल तर दोन शब्द तुमच्याशी. दुसऱ्याच दिवशी गाडी काढून तालुक्याहून गोळी आणलीत, बायकोला एकटं टाकलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. आता दिवाळी येते आहे. उधना, लिंबायतहून निघणारी प्रत्येक गाडी भरून येईल आणि त्यानंतरचे दोन आठवडे आमच्या ओपीडीत याच प्रश्नाच्या बायका येतील, दरवर्षी येतात. सणाची तारीख वर्षभर आधी माहीत असते, त्यासाठी संकटकाळची गोळी कशाला लागावी? निरोधचं पाकीट सुरतहूनच बॅगेत घालून आणा. बायकोला ते गावात विकत घेता येत नाही, तुम्हाला तिथे येतं.

ताई, तुझ्यासाठी कायमचं काहीतरी दिवाळीआधी ठरव. संकटकाळची गोळी पुन्हा घ्यावी लागली तर ती विष नाही, पण ती दर वेळी पाळी अशीच हलवत राहील आणि रोजच्या साधनांपेक्षा ती कमी भरवशाची आहे. नवरा वर्षातून चार वेळा येणाऱ्या बाईने रोज गोळी खात बसणं जड जातं, हे मी समजते. मला विचारशील तर तुझ्यासाठी तांबी, म्हणजे कॉपर-टी, चांगली. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, पाच किंवा दहा वर्षांची मिळते, मूल हवं तेव्हा काढता येते, दुधावर परिणाम नाही. पहिले काही महिने पाळी जास्त जाते, म्हणून आधी हिमोग्लोबिन तपास. अंगात रक्त कमी असेल तर ते भरून आल्यावर बसव. दुसरी 'छाया', संप्रेरक नसलेली गोळी, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तिने पाळी लांबते. 'अंतरा' हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. त्यात पाळी आधी वेडीवाकडी येते, मग बऱ्याच जणींची बंद होते. वैद्यकीयदृष्ट्या यात काही वाईट नाही, पण तारखा मोजणाऱ्या घरात तुला रोज प्रश्न येतील, म्हणून तुझ्यासाठी ते मी पहिलं सुचवणार नाही. ही तिन्ही साधनं पाजणाऱ्या बाईला चालतात.

इतर वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच पुन्हा घ्यावी लागते. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन किंवा फिट येऊ नये म्हणून घेतलेल्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या चालू असतील तर या गोळीचा असर कमी होतो, तेव्हा डॉक्टरला ते सांगायचं. वजन 70 किलोच्या पुढे असेल तरीही तिचा भरवसा कमी. अशा बायकांनी पाच दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली तर ती या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची ठरते आणि पुढची काही वर्षं काळजी मिटते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, बाळाचा. पाजणाऱ्या बाईला ही गोळी चालते. दुधातून अगदी थोडं औषध जातं आणि त्याने बाळाला इजा होत नाही, दूधही आटत नाही. त्याला पाजत राहिलीस ते बरोबरच केलंस. गर्भ राहिला असल्याचं कळलं तरी त्या दिवशी दूध तोडायची गरज नाही. फक्त तू स्वतः नीट जेव: दोन्ही वेळा भाकरी, डाळ, भाजी, मूठभर शेंगदाणे, आणि आशाताईकडून लोहाच्या गोळ्या. उपासाच्या दिवशीही अर्ध्या पोटी शेतावर जाऊ नकोस.